चोळी-बांगडीची ज्वारी

शेणोली स्टेशनजवळ, ता. कराड
२२ फेब्रुवारी १९७४

चि. सयाजीस,

आक्काचा आशीर्वाद. थोरल्या बहिणीनं तो द्यायचाच असतो म्हणून देते. मनात राग आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसायला नको.

परवाच्या ताकारीच्या सभेला मी होते. बायकांच्या बाजूला, कडेच्या लिंबाखाली, पदर पुढं ओढून बसले होते. तू तालुक्याच्या खरेदी संघाचा चेअरमन झालास, गावोगाव भाषणं करतोस, असं नुसतं कानावर यायचं. एकदा स्वतः ऐकावं असं वाटलं. आत्याबाईंना सांगितलं, तुमच्या गुडघ्याचं औषध आणते. सासूला थाप मारायची सवय मला या वयात लागली ती तुझ्यापायी. शेणोलीला गाडीत बसले, ताकारीला उतरले. सभा संपली की पुढं येऊन तुला चकित करायचं, तुझ्याबरोबर कुंडलला घरी जायचं, भावजयीच्या, भामाच्या हातचं जेवायचं आणि यंदाचं पोतं कधी आणतोस ते विचारायचं, असा बेत होता.

तू चांगला बोलतोस. खोटं कशाला सांगू, तुझा आवाज लाउडस्पीकरवर आला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दुष्काळात व्यापाऱ्यांनी ज्वारी कशी दडवली, जिथं भाव जास्त तिथं कशी पळवली, म्हणून सरकारनं धान्याला जिल्ह्याची हद्द बंद केली ते कसं बरोबर आहे, हे तू सांगत होतास आणि माझ्यासारखीलाही ते पटत होतं.

मग तू म्हणालास, "मी लोकास्नी एक सांगतुया आन् घरात दुसरं करतुया, आसं न्हाई. माझी सख्खी थोरली भन सातारा जिल्ह्यात दिलिया. इधवा हाय. तिच्या चोळी-बांगडीची ज्वारी दरसाल माझ्या घरनं जाती. औंदा मी ती हद्दीच्या बाहीर जाऊ दिली न्हाई."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "लय मोठ्या मनाचा मानूस." मीही टाळ्या वाजवल्या, सयाजी. सगळे वाजवत होते, माझेही हात उठले. ती विधवा बहीण म्हणजे मीच, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंस बघ. ज्वारी सोडली मी, आणि टाळ्या तुला. निदान आधी विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं नसतं. पण ते माझ्या तोंडून जायला हवं होतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू विसरलास की काय अशी शंका येते. आबांनी माझं लग्न केलं तेव्हा कुंडल औंध संस्थानात आणि माझं सासर इंग्रजांच्या मुलखात. राजा वेगळा, हद्द वेगळी, नाक्यावरचा शिपाई वेगळा. आबांनी विहिरीच्या अंगाची पट्टी माझ्या चोळी-बांगडीला बोलून ठेवली. कागद नाही, काही नाही, पाच माणसांत दिलेला शब्द. त्या पट्टीत पिकेल ते लीलाचं, माझं. सुगी झाली की आबा पोत्याला कुंकू लावायचे आणि बैलांच्या पुढं स्वतः चालत माझ्या दारी यायचे. संस्थानचा शिपाई कुंकू बघून विचारायचा, "लेकीची व्हय?" आणि बाजूला सरायचा. आबांच्या मागं तू ते चालवलंस. तुझे दाजी गेले त्या सालीही चालवलंस. आत्याबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "बांगड्या फुटल्या, आता कसली चोळी-बांगडी?" तू उंबऱ्यातूनच त्यांना सांगितलंस, "बांगडी गेली, भन हाय न्हवं?" त्या एका वाक्यावर मी हे घर एवढी वर्षं धरून राहिले आहे.

दाण्याला मी महाग नाही. सासरच्या रानात चार दाणे होतात, कमी पडले तर बाजार आहे. पण इकडं ज्या बाईला माहेरून काही येत नाही तिला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. म्हणतात, तिचं माहेर बुजलं. विहिरीला म्हणतात तसं. दुष्काळाच्या दोन वर्षांत पट्टीत काही पिकलं नाही, तेव्हा कुणी काही बोललं नाही. यंदा पिकलं आणि आलं नाही. आता बोलतील.

सभा संपल्यावर तुझ्याभोवती एवढी माणसं होती की मला पुढं येववेना. तशीच स्टेशनावर जाऊन बसले. औषध आणायचं विसरले, त्यामुळे घरी आल्यावर आत्याबाईंनी जे ऐकवलं ते वेगळंच.

पोतं कधी आणतोस ते कळव.

तुझी
आक्का


नागपंचमी, १९७४

चि. सयाजीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. संघाच्या छापील कागदावर, टाइप केलेलं, खाली इंग्रजीत सही. तुला पहिलं अक्षर मी काढून दिलं. आई गेल्यावर मांडीवर बसवून पाटी गिरवून घेतली. त्या हातचं चार ओळींचं वेडंवाकडं पत्र चाललं असतं रे. हे वाचताना मला वाटत होतं, आपणही खाली सही करून एक नक्कल परत पाठवायची असेल.

पण तू लिहिलं आहेस त्यात मुद्दा आहे, तो मी मानते. हद्द उघडी टाकली तर सांगलीकडची ज्वारी चार दिवसांत मुंबईच्या पेठेत जाईल, मग आपल्याच गावच्या मजुरानं काय खायचं, असं तू विचारतोस. आमच्या रानात खुरपायला येणारी बनाबाई तुझ्याच बाजूची आहे. तिला गुंठाभर जमीन नाही. मी तुझ्यावर चिडून बोलत होते तर ती म्हणाली, "तुमास्नी माहेरची ज्वारी, आमाला रेशनची. तुमचा भाऊ धान्य वसूल करतोय म्हून दुकानात जुंधळा तरी दिसतोय. न्हाईतर हायच परत ती लाल मिलो." दुष्काळात दोघींनीही मिलोच्याच भाकरी खाल्ल्या होत्या. माझ्या तव्यावर ती भाकरी उलटताना मोडायची, तिच्या तव्यावर मोडत नसे.

आता माझं ऐक. ती मिलोची ज्वारी अमेरिकेतून आली. बोटीनं आली, मुंबईला उतरली, वाघिणीतून कराडला आली आणि माझ्या ताटात पडली. तिला कुणी अडवलं नाही. आणि कुंडलची ज्वारी हद्दीचा ओढा ओलांडू शकत नाही, ज्या ओढ्यात उन्हाळ्यात म्हशीचे खूरसुद्धा भिजत नाहीत. ओढ्याच्या त्या अंगाला भाव एक, या अंगाला दुसरा. पाऊस तोच, माती तीच. तुमच्याकडचा शेतकरी स्वस्त विकतो म्हणून रडतो, आमच्याकडचा मजूर महाग घेतो म्हणून रडतो. मग हसतो कोण? ज्याचा ट्रक पार होतो तो. ट्रक पार होतात, सयाजी. नाक्यावर अडते ती बैलगाडी, आणि डोक्यावर गठुळं घेतलेली बाई. तुझ्या पुढच्या भाषणात हे सांग म्हणत नाही. पण तुला ठाऊक असू दे.

पोत्याचे सरकारी भावानं होतील ते पैसे मनिऑर्डरनं पाठवू का, असं विचारतोस. पाठवू नकोस. मी परत करीन, आणि पोस्टमन ते गावभर सांगेल.

धुळा धनगराची मेंढरं हद्दीच्या दोन्ही अंगांना चरतात. तो परवा दारात येऊन म्हणाला, "आक्का, लोकरीच्या गठुळ्यात घालून आनतो की. कुनाच्या बाला कळायचं न्हाई. निम्मं गाव आसंच आनतंय." बिचाऱ्यानं मायेनं विचारलं. मी नको म्हटलं. त्याला कारण कळेना. अरे, लोकरीत लपवून आणलेली ती माहेरची कशी होईल? ती चोरीची. माहेरची ज्वारी दिवसाउजेडी, वाजतगाजत, समोरच्या वाटेनं येते आणि भाऊ तिच्या पुढं चालतो. तुझ्या कायद्याचा एवढा मान ठेवणारं माणूस या अंगाला दुसरं नसेल. हे मात्र खुशाल भाषणात घाल.

काल भावाचा उपवास होता. मी यंदा धरला नाही. भूक नव्हती म्हणून दिवसभर काही खाल्लं नाही, एवढंच. आज बायका वारुळाला गेल्या, मी ओसरीवर बसून हे लिहिते आहे. माहेरी आलेल्या पोरींची गाणी इथवर ऐकू येतात. आत्याबाई आतून विचारताहेत, "भावानं न्यायला मुराळी धाडला न्हाई व्हय गं?" त्यांना ऐकू कमी येतं, पण विचारायचं नेमकं सुचतं.

मीही येणार नव्हतेच.

आक्का


२६ नोव्हेंबर १९७५

चि. सयाजीस,

आत्याबाईंचं तेरावं झालं. तुला निरोप पोचला होता, त्यामुळे सगळं पुन्हा लिहीत नाही. झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी माझ्याशी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून भांडल्या होत्या. मीही उलटून बोलले. आता भांडायला कुणी नाही. सकाळी पीठ मळायला घेते आणि दोघींचं घेते. एकटीच्या भाकरीला किती पीठ लागतं ते मला अजून उमगत नाही. उरलेली भाकरी बनाबाई नेते. ती म्हणते, "रोज उरतीया म्हंजे रोज कुनाची तरी वाट बघताय तुमी."

दहाव्याला तू माहेरचं लुगडं पाठवलंस. संघाच्या जीपचा ड्रायव्हर घेऊन आला. चांगला माणूस. चपला बाहेर काढून आत आला, दोन शब्द बोलला. मी म्हटलं, चहा घ्या. तो म्हणाला, "नगं मावशी, सायेब नाक्यावर थांबल्यात. खोळंबा हुईल."

मी ते लुगडं हातात घेऊन उभीच राहिले. नाका इथून किती लांब आहे? आमच्या माळावर चढलं की त्याचं छप्पर दिसतं. तू तिथवर आलास. जीपमध्ये बसून राहिलास. दहाव्याला. घरात चुलत दीर, त्यांच्या बायका, सगळे बसले होते. त्यांनी ड्रायव्हरचं बोलणं ऐकलं. थोरली जाऊ म्हणाली, "मानसावर बी बंदी हाय व्हय तकडं?" कुणी हसलं नाही, पण हसले असते तर बरं झालं असतं.

तुला कुणी अडवलं होतं का? खरंच विचारते. लेव्हीच्या वसुलीचं काम असेल, वर कुणी अधिकारी असेल, हल्ली दिवस असे आहेत की कुणाला कुणाचं भय असेल सांगता येत नाही. बाकीचं काही लिहीत नाही. शाळेचे मास्तर म्हणतात, हल्ली पत्रं फोडून वाचतात. वाचोत. ज्वारीखेरीज यात काही नाही.

बनाबाईला मी विचारलं, हा एवढा जवळ येऊन का आला नसेल? ती भांडी घासत होती. म्हणाली, "लाज वाटली आसंल त्यास्नी. रिकाम्या हातानं भनीच्या दारात कसं यावं मानसानं?" मी म्हटलं, लुगडं होतं की. ती म्हणाली, "लुगडं मरनाचं. त्ये काय आननं झालं?"

तसं असेल तर तू वेडा आहेस. आणि तसं नसेल तर मला ते कळवू नकोस.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी माळावर जाऊन आले. जीप गेली होती. आडवा बांबू तेवढा दिसत होता, आणि त्याच्याशी टेकून एक पोलीस बिडी ओढत होता. मला फार एकटं वाटलं. हे कुणाला सांगायचं म्हणून तुलाच लिहिते, दुसरं कुणी नाही.

भामाची प्रकृती कशी आहे? तिला सांग, लुगड्याचा रंग तिनंच निवडला हे मला कळलं.

तुझी
आक्का


पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, नोव्हेंबर १९७७

चि. सयाजी, अनेक आशीर्वाद.

काल तुझं चार ओळींचं कार्ड आलं, तुझ्या हातचं. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे, बरं वाटलं.

तू लिहितोस की नव्या सरकारनं धान्यावरची बंदी काढली, आता देशभर कुठूनही कुठंही न्या. हे मी रेडिओवर ऐकलं होतं, पण खरं वाटलं नव्हतं. तुझ्या कार्डावरून खरं वाटलं. मग काल माळावरून नाक्यापर्यंत चालत गेले. छपरात कुणी नाही. आत शेळ्या बसल्या होत्या. आडवा बांबू कुणीतरी मांडवाला नेला म्हणे. मी हद्दीच्या ओढ्यातून पलीकडं गेले आणि परत आले. धुळा मेंढरं घेऊन तिथंच होता. म्हणाला, "काय आक्का, आता काय चोरावं मानसानं?"

तू हे सगळं लिहिताना खूश नव्हतास, तेही कार्डावरून कळलं. एवढी वर्षं लोकांना समजावून सांगितलं, हद्द पाहिजे म्हणून, आणि आता दिल्लीतून एका फटक्यात ती नको झाली. संघाची वसुली बंद, म्हणजे संघात काम काय राहिलं? चेअरमनपदही या खेपेला दुसऱ्या कुणाकडं गेलं, हे गावातल्या एकाकडून समजलं. तू ते लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही.

भांडायचं असतं तर आता म्हटलं असतं, बघ, मी म्हणत नव्हते? पण बनाबाई मला रोज विचारते, बंदी गेली ती ठीक, आता दुकानात जुंधळा यायचा का न्हाई? मला उत्तर येत नाही. तुला येत असेल तर कळव, मी तिला तुझं नाव सांगून सांगेन.

मी आतली कणगी शेणानं सारवून घेतली आहे. आत्याबाई गेल्यापासून ती रिकामीच होती, मांजर व्यायचं तिच्यात. आता पट्टीत शाळू ज्वारीची पेरणी झाली असेल. यंदा पाऊस मागून चांगला झाला, ओल असेल. संक्रांत झाली की काढणी, मग मळणी. तेव्हा तू येशील. गाडी आण किंवा पोतं एस.टी.च्या टपावर टाकून आण, बैल हवेतच असं नाही. जावेला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की माझा भाऊ यायचा आहे. ती म्हणाली, "बघू." तिला बघू दे.

मला एवढा आनंद झाला आहे की काल दोघींच्या पिठाची भाकरी केली आणि दोन्ही मीच खाल्ल्या.

तुझी
आक्का


१८ एप्रिल १९७८

चि. सयाजीस,

आशीर्वाद. हे पत्र लांबेल. बसून वाच.

तू पाठवलेली दोन पोती पोचली. ट्रक थेट दारात आला, ट्रान्सपोर्टवाल्यानं हॉर्न वाजवून आळी गोळा केली, हमालानं पोती ओसरीवर टाकली, माझी सही घेतली आणि निघून गेला. कुठं नाका नाही, कुठं विचारपूस नाही. एवढं सोपं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पोत्यांबरोबर चिठ्ठी होती, "आक्का, ज्वारी पाठवली आहे. सवड झाली की येतो." पोत्यावर सांगलीच्या अडतीचा शिक्का होता. कुंकू नव्हतं. मी म्हटलं, असू दे, ट्रकवाल्याच्या हातात कुंकू कुठं टिकायचं.

जावेसमोर पोतं उसवलं. मूठभर ज्वारी हातात घेतली आणि उजेडाला धरून बघितली. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, एकाच्या जागी दुसरा खपेल असा सारखा. आपल्या पट्टीला असा दाणा आबांच्या बापजन्मात आला नाही. आपली ज्वारी बारीक, थोडी पिवळट, तिच्यात हमखास चार-दोन काळे दाणे आणि एखादा खडा. ही मंगळवेढ्याकडची. जाऊ म्हणाली, "लय भारी धाडलीया गं भावानं." मी म्हटलं, होय.

भाकरीही फार छान झाली. पापुद्रा सुटला, दुसऱ्या दिवशीही मऊ होती. हे मी मुद्दाम लिहिते. वाईट ज्वारी पाठवली असतीस तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

दोन दिवस मी स्वतःलाच समजावलं. पट्टीत यंदा किडीनं खाल्लं असेल. कणसं चिमणीनं नेली असतील. तुला माझ्यापुढं कमीपणा नको म्हणून तू बाजारातून चांगली घेतली असशील. पण सवय वाईट, मला खरं काय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गुरुवारी मी गाडीनं किर्लोस्करवाडीला उतरले आणि रानातल्या वाटेनं कुंडलला गेले. घरी आले नाही. तुला हे कुणी सांगितलं नसेल, कारण मला कुणी ओळखलंच नाही.

विहिरीच्या अंगाला मी पोचले तर पट्टी सापडेना. बांध मोडलेला. सगळ्या रानाचा एकच डाग झाला आहे आणि त्यात ऊस, माझ्या डोक्याच्या वर. नदीवरून पाइप आलेला दिसला. त्याचं पाणी पाटातून खळाळत होतं. आबा त्या पट्टीला पाणी पाजायचे तेव्हा मोटेचा बैल घामाघूम व्हायचा. पाणी बघून मला आनंदच झाला, हेही खरं आहे.

म्हणजे तू ज्वारी पेरलीच नाहीस. यंदाच नव्हे; एकदा तोडून पुन्हा फुटलेला खोडवा दिसत होता, तेव्हा आधीपासूनच नसेल. मी नोव्हेंबरात कणगी सारवून पेरणीच्या गोष्टी लिहीत होते तेव्हा तिथं ऊस उभा होता, आणि तुला ते लिहवलं नाही. मला राग आला नाही. आता कुणीही म्हणेल, ज्वारी कुठूनही येते, चांगली येते, मग पाण्याच्या रानात ती कुणी कशाला करावी? हद्द उघडायला हवी म्हणून मीच तुझ्याशी भांडत होते. ही हद्द उघडली की ती पट्टी कुणाला लागणार नाही, हे मला कुठं ठाऊक होतं. तुला ठाऊक असेल. तू संघात होतास.

मी तिथं उभी होते तर उसातून एक माणूस बाहेर आला. खांद्यावर फावडं, पाणी पाजत होता. नवा दिसला, तिकडं जतकडचा असावा. रानात परकी बाई उभी दिसली म्हणून थांबला आणि अदबीनंच विचारलं, "पाव्हनं कुठलं म्हनायचं?"

सयाजी, आबांच्या रानात उभी राहून मी सासरच्या गावाचं नाव सांगितलं.

"कुनाकडं आलाय?" म्हणाला. मी म्हटलं, कुणाकडं नाही, वाट चुकले. त्यानं मला स्टेशनची वाट दाखवली. ज्या वाटेवर मी तुला कडेवर घेऊन आईसाठी न्याहारी न्यायची ती वाट त्यानं मला हात करून नीट दाखवली. मी त्याला बरं म्हटलं आणि तशी चालत गेले. गाडी यायची होती. स्टेशनावर बसून मी रडले, लोक बघत होते तरी रडले.

आता दुसरं. भामानं त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या आहेत, तुला न सांगता. ती लिहिते, "वन्सं, चेअरमनकी गेल्यापास्नं घरला कुनी येत न्हाई. सकाळी टोपी घालून सोप्यात बसत्यात, दुपारी काडून ठेवत्यात. बोलत न्हाईत." तिला रागावू नकोस. तू टोपी घालून बसतोस हे वाचून माझ्या मनातलं बाकी सगळं मागं पडलं.

तू येत का नाहीस ते मला आता कळलं आहे. आधी बंदी होती म्हणून तुझे हात रिकामे होते. आता पट्टी नाही म्हणून रिकामे आहेत. एवढ्या मोठ्या सभांतून बोलणारा माणूस, पण बहिणीच्या दारात काही न घेता यायला तुला धीर होत नाही. पोती पुढं पाठवून दिलीस आणि मागं राहिलास.

आबांनी पट्टी दिली ती मला. कारण मुलगी परक्या घरी जाते, तिला मागं वळायला काहीतरी हवं म्हणून. मुलाला असलं काही देत नाहीत, मुलगा तिथंच राहतो असं सगळे समजतात. पुरुषाला माहेर नसतं. म्हणून त्याची चेअरमनकी गेली, लोक यायचे थांबले, की त्याला जायला जागा राहत नाही आणि तो स्वतःच्याच सोप्यात टोपी घालून बसतो. तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला वाढवलं. मला माहेर राहिलं की नाही ते त्या पाणी पाजणाऱ्या माणसानं मला सांगितलं. पण तुला हवं असेल तर ते इथं आहे, शेणोली स्टेशनपासून चालत यायच्या अंतरावर.

सकाळच्या गाडीनं ये. जाऊ बघत बसली असेल, तिला रामराम कर. चार दिवस राहा, बनाबाईशी रेशनच्या दुकानावरून भांड, तिच्याजवळ तुझ्यासाठी बरेच प्रश्न साठले आहेत.

येताना काही आणू नकोस. घरात ज्वारी आहे.

तुझी
आक्का